एसपीएफ लावला म्हणजे साहेबांच्या नावाने खोटा मेल येणारच नाही? तसं नाहीये

स्वतःचा पोस्टफिक्स मेल सर्व्हर चालवणाऱ्या ऑफिसांमधून हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय, की डीएनएसमध्ये एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) टाकलाय ना, मग आपल्या डोमेनवरून कोणी बनावट मेल पाठवूच शकत नाही. शकतो, आणि अगदी आरामात.

एसपीएफ बघतो तो पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणजे एसएमटीपीत (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती पद्धत) मेल फ्रॉम म्हणून दिला जातो तो. आउटलुकमध्ये दिसतं ते आतल्या कागदावरचं फ्रॉम, त्याच्याशी एसपीएफचं काही देणंघेणं नाही. आमच्या अकाउंट्सच्या ताईंना "हे पेमेंट आजच करा" असा मेल आला, फ्रॉममध्ये साहेबांचा पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर, मी हेडर (मेलसोबतची तांत्रिक माहिती) उघडले तर रिटर्न-पाथ, म्हणजे तोच पाकिटावरचा पत्ता, भलत्याच डोमेनचा आणि खाली एसपीएफ पास. पास होणारच ना, त्या भलत्या डोमेनचा रेकॉर्ड त्या भामट्याने नीट लावला होता! ताईंनी आधी फोन केला म्हणून पैसे वाचले.

ही फट बुजवतो डीमार्क, डीएनएसमध्येच टाकायचा आणखी एक रेकॉर्ड. दिसणाऱ्या फ्रॉमचं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये (मेलवरची डिजिटल सही) पास झालेलं डोमेन जुळतंय का, ते तो बघायला लावतो. पण डीमार्कची पॉलिसी नन (काही कारवाई नको) ठेवून विसरलात तर नुसते रिपोर्ट येतात, अडत काहीच नाही. ते रिपोर्ट वाचा, बिलिंगवाल्या सॉफ्टवेअरसारखे सुटलेले सेंडर नीट लावून घ्या, मग पॉलिसी क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (घेऊच नका). आणि डीकेआयएम सोडू नका, कारण मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुतेक वेळा फेल होतो, सही मात्र टिकते, मधे कोणी मजकुराला हात लावला नसेल तर.