हेपॅटायटिस बी : नवा संसर्ग की जुना?

रक्तदानाच्या वेळी किंवा शस्त्रक्रियेआधी 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट हाती आला की दोन टोकांची वाक्यं ऐकू येतात. 'आता हे जन्मभराचं' नाहीतर 'कावीळच ती, उतरेल आपोआप'. दोन्ही घाईची. हेपॅटायटिस बीचा संसर्ग अंगात आहे, एवढंच हा रिपोर्ट सांगतो. तो दोन महिन्यांपूर्वीचा की वीस वर्षांपूर्वीचा, हे त्यातून कळत नाही.

एचबीएसएजी हे हेपॅटायटिस बीच्या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. अख्खा विषाणू साधारण 42 नॅनोमीटरचा असतो. त्याच्या जोडीला यकृताची पेशी त्याच आवरणाचे 22 नॅनोमीटरचे गोळेही रक्तात सोडते. त्यांत जनुकद्रव्य नसतं, पण संख्येने ते विषाणूंना कैक पटींनी मागे टाकतात. त्यामुळे लक्षणांच्या आधीच चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मात्र नव्या आणि जुन्या, दोन्ही संसर्गांत हे गोळे असतातच.

एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त टिकला तर संसर्ग जुनाट, म्हणजे क्रॉनिक, अशी व्याख्या आहे. पण डोळे पिवळे झालेल्या रुग्णाला 'सहा महिन्यांनी सांगतो' म्हणून कसं चालेल? तिथे अँटी-एचबीसी आयजीएम ही चाचणी कामाला येते, आणि तिची रचना खरोखर देखणी आहे.

आवरणाच्या आत विषाणूचा गाभा असतो. गाभ्याचं प्रथिन रक्तात मोकळं सापडत नाही, त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी), म्हणजेच अँटी-एचबीसी, मात्र सापडतात. आधी येतात आयजीएम प्रकारची, मग आयजीजी. आयजीएम साधारण सहा महिन्यांत ओसरतात, आयजीजी बहुधा जन्मभर राहतात. म्हणून चाचणी लिहून देताना 'आयजीएम' हा शब्द हवाच. 'टोटल' चाचणी दोन्ही एकत्र मोजते, त्यातून संसर्गाचं वय समजत नाही.

आता आयजीएम वेगळं मोजायचं कसं? प्रयोगशाळेतल्या प्लेटच्या वाटीत गाभ्याचं प्रथिन चिकटवून त्यावर सीरम (रक्तातला द्रव भाग) घातलं, तर जुन्या रुग्णाचं भरपूर आयजीजी सगळ्या जागा अडवून बसतं. त्यातच रुमेटॉइड फॅक्टर, म्हणजे आयजीजीलाच चिकटणारं प्रतिपिंड, असेल तर तो आयजीजीवर चढून बसतो, आणि तो स्वतः आयजीएम असल्यामुळे रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. म्हणून क्रम उलटवला गेला. वाटीच्या तळाशी आयजीएम पकडणारी प्रतिपिंडं बसवतात. मुद्दाम पातळ केलेलं सीरम घातलं की कुठल्याही रोगाविरुद्धचं आयजीएम तिथे अडकतं आणि धुताना आयजीजी वाहून जातं. मग गाभ्याचं प्रथिन घालतात. ते फक्त आपल्या ओळखीच्या आयजीएमला चिकटतं. शेवटी एन्झाइम जोडलेली, गाभ्याच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं घालतात, वाटी धुतात आणि एन्झाइममुळे रंग धरणारं द्रव्य घातलं की रंग उमटतो. हे शेवटचं धुणं कच्चं राहिलं तर उरलेलं एन्झाइमच खोटा रंग देतं.

तळाच्या जागा मोजक्याच असतात. त्यामुळे रुग्णाच्या एकूण आयजीएमपैकी किती वाटा गाभ्याविरुद्धचा आहे, ते रंगाच्या गडदपणावरून कळतं. ताज्या संसर्गात तो मोठा असतो, जुनाट संसर्गात सहसा ठरवलेल्या रेषेखाली राहतो.

सहसा, नेहमी नाही. जुनाट आजार मधेच भडकला की आयजीएम रेषेच्या वर येऊ शकतं, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारापलीकडे जाऊ शकतं आणि चित्र हुबेहूब ताज्या संसर्गासारखं दिसतं. अशा वेळी आकडा पाहावा, नुसतं 'पॉझिटिव्ह' नव्हे. भडक्यात आयजीएम बहुधा रेषेच्या जवळपास असतं आणि विषाणूचा डीएनए बराच जास्त. ताज्या संसर्गात कावीळ दिसेपर्यंत डीएनए बहुधा उतरणीला लागलेला असतो. जुना रिपोर्ट सापडला, तर त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

आणखी दोन फसव्या जागा आहेत. बरं होताना काही आठवडे एचबीएसएजी गेलेला आणि अँटी-एचबीएस (त्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं) अजून न आलेलं, अशी पोकळी असते. तेव्हा गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडंच साक्ष देतात. तसंच लशीचा डोस घेतल्यावर काही दिवस एचबीएसएजी पॉझिटिव्ह दिसू शकतो, कारण लशीत तेच प्रथिन असतं.

'पॉझिटिव्हचं निगेटिव्ह करून देतो' म्हणणाऱ्या काढ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निरोगी प्रौढांपैकी 95 टक्क्यांहून अधिक जण ताजा संसर्ग स्वतःच परतवतात, आणि श्रेय काढ्याला जातं. जन्माच्या सुमारास संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांमध्ये तो जुनाट होतो. तिथे काढा काही करत नाही.

सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासावाच. तो गेला आणि अँटी-एचबीएस आलं, तर संसर्ग आटोक्यात आला. टिकला, तर एचबीईएजी (विषाणूचं आणखी एक प्रथिन), डीएनए आणि यकृताची अवस्था पाहून टेनोफोविर किंवा एन्टेकाविर हे विषाणूरोधक औषध सुरू करायचं का, ते डॉक्टर ठरवतात.