यकृत कर्करोग शस्त्रक्रियेतील दाह-पोषण निर्देशांक

यकृताचा कर्करोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढल्यानंतर रुग्ण किती काळ जगेल आणि रोग पुन्हा उद्भवण्याची शक्यता किती आहे, याचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीवरून बांधण्यासाठी दाह-पोषण निर्देशांक वापरले जातात. गाठ पूर्णपणे काढली गेली तरी अनेक रुग्णांमध्ये पाच वर्षांच्या आत रोग उलटतो. गाठींचा आकार, त्यांची संख्या आणि रक्तवाहिन्यांतील शिरकाव यांवरून रोगाची अवस्था ठरते. रुग्णाच्या शरीराची अवस्था मात्र त्यांतून कळत नाही.

दाहाच्या बाजूने न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर सर्वाधिक वापरले जाते. न्यूट्रोफिल गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करणारे घटक स्रवतात, तर लिम्फोसाइट कर्करोगपेशींचा नाश करतात. म्हणून वाढलेले गुणोत्तर प्रतिकूल मानले जाते. पोषणाच्या बाजूने जपानमधील ओनोदेरा व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांसाठी मांडलेला निर्देशांक प्रसिद्ध आहे. त्यात ग्रॅम प्रति डेसिलिटरमधील अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाची दहापट आणि प्रति घन मिलिमीटर लिम्फोसाइट संख्येची ०.००५ पट यांची बेरीज करतात. अल्ब्युमिन ३.५ आणि लिम्फोसाइट १,५०० असल्यास निर्देशांक ४२.५ येतो. या सूत्रात अल्ब्युमिनचे पारडे जड आहे: ते अर्ध्या ग्रॅमने घटले, तर निर्देशांकावर होणारा परिणाम एक हजार लिम्फोसाइट कमी होण्याइतका असतो. अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल व लिम्फोसाइट यांवर आधारलेली कोनट गुणपद्धतीही वापरात आहे.

यकृताच्या कर्करोगात या आकड्यांचा अर्थ लावणे इतर कर्करोगांपेक्षा अवघड ठरते, कारण अल्ब्युमिन आणि दाहदर्शक सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन ही दोन्ही प्रथिने यकृतातच तयार होतात. घटलेले अल्ब्युमिन कुपोषणाचे, दाहाचे की सिरोसिसचे (यकृतात व्रण साठून ते निबर होण्याचे), हे आकडा सांगत नाही. बहुधा तिन्हींचे मिश्रणच त्यात उतरलेले असते. सिरोसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढून प्लीहा मोठी झाली, तर प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) तिच्यात अडकतात व रक्तातील त्यांची संख्या घटते; परिणामी प्लेटलेट व न्यूट्रोफिल यांच्या गुणाकाराला लिम्फोसाइट संख्येने भागणारा निर्देशांक कमी येऊन फसवा दिलासा देऊ शकतो. तपासणीच्या वेळी असलेला साधा जंतुसंसर्गही न्यूट्रोफिल वाढवतो.

बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवर बेतलेले असून ‘धोकादायक’ मर्यादा प्रत्येकाने आपापल्या रुग्णसमूहातून काढलेली असते. म्हणून एका रुग्णालयाची मर्यादा दुसरीकडे जशीच्या तशी लावणे सयुक्तिक नाही. हे निर्देशांक अल्फा-फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे रक्तातील प्रथिन), गाठीची लक्षणे आणि यकृताची कार्यक्षमता यांच्या जोडीने सांख्यिकी प्रतिमानात घातल्यास अधिक उपयोगी पडतात. जोखीम अधिक दिसल्यास शस्त्रक्रियेपूर्वी आहार सुधारण्याकडे आणि नंतरच्या पाठपुराव्याकडे अधिक लक्ष देता येते. मात्र निर्देशांक सुधारल्याने आयुष्यही वाढते का, हा वेगळा प्रश्न असून त्याचे उत्तर जुन्या नोंदींतून मिळणारे नाही.