‘संलग्न संस्था’ नावाचा रकाना

१ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. संशोधनाच्या नियतकालिकांची वर्गणी संस्थांच्या वतीने केंद्र सरकारने एकत्र भरायची, अशी ही योजना. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ६,३००च्या आसपास सरकारी संस्था आणि त्यांतले पावणेदोन कोटींहून अधिक विद्यार्थी, अध्यापक, संशोधक. या गणतीत जो येत नाही त्याची ही पार्श्वभूमी. म्हणजे निवृत्त शिक्षक, वकिली सांभाळून ताम्रपट वाचणारा, किंवा पीएच.डी. झाल्यावर तासिका तत्त्वावरचे कामही सुटलेली बाई.

मराठीपुरते बोलायचे तर इतिहास-संशोधन उभे राहिले तेच मुळी विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर. वाईला सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो कुठल्या विभागातून नव्हे. पटवर्धन सरदारांचे दप्तर छापणारे वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले त्याच्या नावात ‘संशोधन’ नाही, ‘संशोधक’ आहे. पाठबळ म्हणजे सभासदांची वर्गणी, एखाद्या संस्थानिकाची देणगी आणि ज्याच्या माळ्यावर रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची बासने, सापडले त्याच्याच घरचे जेवण. अडवणूक तेव्हाही होती. पेशवे दफ्तराची दारे सरकारने या मंडळींना वर्षानुवर्षे उघडली नाहीत. पुढे १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ते काम ज्यांच्याकडे सोपवले ते गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी आटोपून कामशेतला राहिलेले गृहस्थ होते, प्राध्यापक तेही नव्हते. माणूस सरकारच्या भरवशाचा आहे का, एवढेच तेव्हा पाहिले जाई. तो कुठे नोकरीला आहे, हा प्रश्न नंतरचा.

त्या नंतरच्या प्रश्नाचे सरकारी नाव ‘संलग्नता’. हा शब्द मुळात माणसाचा नव्हेच. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते परीक्षा घेण्यासाठी. शिकवायची ती कॉलेजे, आणि कॉलेजे विद्यापीठाला संलग्न. कॉलेजाचे हे विशेषण माणसाला केव्हा चिकटले याची एक तारीख सांगता येणार नाही. मात्र स्वातंत्र्यानंतर संशोधनाचा पैसा आयोग आणि परिषदा यांच्यामार्फत वाटला जाऊ लागला आणि ते पक्के झाले. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३चा, त्याचा कायदा १९५६चा. समाजशास्त्रांची परिषद १९६९ची, इतिहासाची १९७२ची. समाजशास्त्रांच्या परिषदेची शिष्यवृत्ती एखाद्याला वैयक्तिक मिळाली तरी तिची रक्कम मान्यताप्राप्त संस्थेच्या खात्यातून यायची. हिशेब कुणीतरी तपासायला हवा, हे कारण काही खोटे नाही. पण हिशेबासाठी आलेला रकाना हळूहळू लायकीचा रकाना झाला.

एकदा एका ग्रंथालयाच्या अर्जावर ‘संलग्न संस्था’पुढे मी ‘स्वतंत्र’ असे लिहिले. खिडकीमागच्या बाईंनी अगदी मनापासून विचारले, “हे स्वतंत्र कॉलेज कुठं आलं?” शेवटी ओळखीच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर शिफारस आणली, गोल शिक्क्यासकट. कॉलेज वाणिज्याचे, माझा विषय वीरगळ, म्हणजे युद्धात पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

इंटरनेटने हा रकाना पुसला जाईल असे काही काळ वाटले होते. काही प्रमाणात पुसलाही गेला. २००९च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात जमा करणे बंधनकारक झाले आणि गांधीनगरहून चालणाऱ्या शोधगंगेवर ते कुणालाही वाचता येऊ लागले. माझ्या मते विद्यापीठाबाहेरच्या माणसासाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत सरकारने केलेले सर्वांत उपयोगी काम हेच, आणि त्याचा गवगवा सर्वांत कमी झाला. जेस्टोर या परदेशी लेखसंग्रहाने २०१२ साली नाव नोंदवणाऱ्याला पंधरवड्याला तीन लेख फुकट वाचायला दिले. कोविडच्या काळात ती मर्यादा महिन्याला १०० वर गेली. विकिपीडियावर सहा महिने टिकून पाचशे संपादने करणाऱ्यालाही काही सशुल्क संग्रह उघडतात. अमेरिकेत तर विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकांनी १९८९ सालीच आपली संघटना काढली होती.

आता सुरुवातीला सांगितलेल्या योजनेच्या वादाच्या निर्णयाकडे. देशासाठी एकच वर्गणी ही कल्पना विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाच्या ज्या मसुद्यात ठळकपणे आली तो २०२०च्या अखेरीस लोकांपुढे ठेवला गेला. त्यात भारतातल्या प्रत्येक व्यक्तीला नियतकालिके वाचता यावीत असे म्हटले होते. प्रत्येक व्यक्तीला, म्हणजे रकाना नाहीच. नोव्हेंबर २०२४मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली ती योजना केंद्र आणि राज्यांच्या अखत्यारीतल्या शिक्षण व संशोधन संस्थांची. ‘व्यक्ती’ गेली आणि ‘संस्था’ आली. प्रकाशकाशी भाव ठरवताना वाचक मोजावे लागतात आणि एकशेचाळीस कोटींचा भाव मागायला कुणीही कचरेल, हे कबूल. तरीही पैसा करदात्यांचा आणि वाचनाचा हक्क हजेरीपटावरच्यांचा, ही विभागणी मसुद्यात नव्हती. यावर जी चर्चा झाली ती बहुतेक खासगी विद्यापीठे वगळल्याबद्दल. त्यांच्यासाठी बोलायला कुलगुरू असतात.

व्यवहारातही गंमत अशी की योजनेत प्रवेश मिळतो तो संस्थेच्या नोंदणीतून. लॉगिनच्या पानावर आधी संस्थांची यादी उघडते, त्यातून आपली निवडायची. अर्जावर निदान ‘स्वतंत्र’ लिहायला मोकळी ओळ तरी होती.

मग बाहेरचा माणूस काय करतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी छापत नाही. विद्यापीठातल्या भाच्याला व्हॉट्सअॅपवर लेखाचे नाव पाठवतो, थेट लेखकाला ईमेल करतो, नाहीतर सशुल्क लेख परवानगीविना फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळावर जातो. डिसेंबर २०२०मध्ये तीन परदेशी प्रकाशक साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. एकाच वर्षात पुढचे दार संस्थांसाठी उघडले आणि मागचे दार सगळ्यांसाठी बंद झाले.

योजनेचे टप्पे सांगितले गेले त्यात दुसरा खासगी संस्थांचा आणि तिसरा सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना प्रवेश देण्याचा आहे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. त्यातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एक खोली, दोन कपाटे आणि संध्याकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारे चार-सहा जण असतात. यातली कुठली ग्रंथालये त्या टप्प्यात धरायची, हे ठरवताना पुन्हा एक अर्ज निघेल.