प्रॉम्प्टवरच्या माणसाची जागा घेणारी स्क्रिप्ट

रात्री दोनला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्रॅम, एक शेल स्क्रिप्ट (एकापाठोपाठ चालणाऱ्या आज्ञांची फाइल) चालवतो आणि दिवसभराच्या फाइली दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पडतात. ज्या एफटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पाठवायच्या नियमांवर, अशा स्क्रिप्टा वर्षानुवर्षं चालल्या, त्याचे क्लायंट (वापरणाऱ्याच्या बाजूचे प्रोग्रॅम) मात्र समोर बसलेल्या माणसासाठी बनले होते. अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१मध्ये आरएफसी ११४ हा नेटवर्कच्या नियमांचा मसुदा लिहून एफटीपीची सुरुवात केली. क्लायंट नाव विचारी, पासवर्ड विचारी आणि प्रॉम्प्ट दाखवून पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबे.

माणसाविना फाइल पोचवायचा विचार बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांच्या यूयूसीपीत होता: फाइल रांगेत लावून ठेवायची, मोडेमचा फोन लागला की पुढच्या मशीनवर ढकलायची. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये यूयूसीपी, क्रॉन आणि स्टीफन बोर्न यांचा शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) असं सगळंच साहित्य हाताशी आलं.

पुढे नेटवर्कवर एफटीपीच रुळलं आणि स्क्रिप्टला माणसाचं सोंग घ्यावं लागलं. हिअर डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवलेल्या मजकुरात, यूजर, बायनरी, पुट, बाय अशा ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि क्लायंटला भरवायच्या. यातली ‘बायनरी’ विसरली की टेक्स्ट मोडमध्ये ओळींचे शेवट बदलत आणि झिप फाइल उघडेनाशी होई. पासवर्ड एकतर स्क्रिप्टमध्ये, नाहीतर लॉगिनची माहिती ठेवणाऱ्या नेटआरसी फाइलमध्ये, उघडाच. पण माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. पुट फसलं तरी बरेच क्लायंट शून्य एक्झिट कोड (‘काम नीट झालं’ अशी शेलला खूण) देऊन बाहेर पडत; शेलच्या लेखी सगळं सुरळीत. म्हणून क्लायंटचं सगळं बोलणं लॉगमध्ये धरून त्यात ‘२२६’ हे फाइल पोचल्याचं सर्व्हरचं उत्तर ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधावं लागे. १९९०मध्ये डॉन लिब्स यांचं एक्स्पेक्ट आलं. प्रॉम्प्ट वाचून उत्तर देणं त्याने सोपं केलं, पण सोंग तेच राहिलं.

१९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच हे दुसऱ्या मशीनशी सांकेतिक रूपात बोलणारं साधन लिहिलं. पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ल्यांची जोडी आली आणि पासवर्ड टाइप करण्याचं नाटकच संपलं. १९९९मध्ये ओपनएसएसएच आल्यावर हे सगळ्यांना मोफत मिळालं.

१९९६मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी दोन ठिकाणच्या फाइली जुळत्या ठेवणारं आरसिंक जाहीर केलं. फाइलच्या तुकड्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले छोटे आकडे) जुळवून ते फक्त बदललेला भाग पाठवतं, हे सर्वांना ठाऊक असतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला मात्र त्याचे एक्झिट कोड त्याहून मोलाचे वाटतात: काही फाइली राहून गेल्या तर २३, वाचता वाचता मूळ फाइलच नाहीशी झाली तर २४.

एफटीपीच्या काळात फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवून मग रिनेम करावी लागे, नाहीतर पलीकडची स्क्रिप्ट अर्धवट फाइलच उचलून कामाला लागे. आरसिंक हे न सांगता करतं: मजकूर लपलेल्या तात्पुरत्या फाइलमध्ये जमतो आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं.