दुकान, गोदाम आणि लहान कारखान्यासाठी सीसीटीव्ही कॅमेरे निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

कॅमेरे बसवायचे ठरवून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "आठ कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला पडेल?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच देत नाही, याचा काहींना रागही येतो. पण जागा न पाहता दिलेला भाव हा डब्यांचा भाव असतो, आणि गल्ल्यासमोरचा कॅमेरा, फाटकावरचा कॅमेरा आणि गोदामातल्या मधल्या वाटेवरचा कॅमेरा यांच्याकडून आपल्याला तीन अगदी वेगळी कामे करून घ्यायची असतात. म्हणून भाव विचारण्यापूर्वी एक कागद घ्यावा, जागेचा ओबडधोबड नकाशा काढावा आणि कॅमेरा हवा त्या प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य लिहावे : इथे मला काय कळायला हवे? "कोणीतरी आत आले आहे", "आलेला आपलाच कामगार आहे" आणि "आलेल्या अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवता येईल" ही तीन वेगळी उत्तरे आहेत आणि तिन्हींचा खर्च वेगळा आहे.

हा फरक मोजता येतो. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार कोणीतरी आहे एवढेच कळण्यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५ पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, पुरतात, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५० लागतात. आता नेहमीचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ. त्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते, म्हणजे २५० च्या हिशेबाने त्याने जेमतेम साडेसात मीटर रुंदीचा पट्टा पाहावा. त्यात २.८ मिमीची रुंद लेन्स असेल तर साधारण तीन मीटर अंतरावरच तो पट्टा साडेसात मीटरचा होतो. त्यापलीकडे उभा असलेला माणूस स्क्रीनवर दिसतो, पण त्याचा चेहरा मोठा करून पाहायला गेल्यास फक्त चौकोन हाती लागतात. चित्रपटात दाखवतात तसे झूम करून चेहरा स्पष्ट होत नाही. जी माहिती टिपलीच गेली नाही ती नंतर आणता येत नाही.

यावर सरसकट ८ मेगापिक्सेलचे कॅमेरे घ्यावेत असे काहींना वाटते. आमचे मत तसे नाही. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६ मिमीची लेन्स लावली तर दहा-अकरा मीटरवरचा चेहराही ओळखीलायक मिळतो. त्या बदल्यात दोन्ही बाजूंचे दृश्य सुटते. तेव्हा आवारावर ढोबळ नजर ठेवायला एक रुंद लेन्सचा कॅमेरा आणि ये-जा करण्याच्या एकमेव वाटेवर एक अरुंद लेन्सचा, ही जोडी चार महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा उपयोगी पडते. जास्त मेगापिक्सेलच्या स्वस्त कॅमेऱ्यात सेन्सर (उजेड टिपणारी चिप) तेवढाच लहान राहिला, तर प्रत्येक पिक्सेलला मिळणारा उजेड कमी होतो आणि रात्रीचे चित्र उलट गढूळ येते.

उंचीबाबत मात्र आम्हाला ग्राहकांशी नेहमी वाद घालावा लागतो. कॅमेरा कोणाच्या हाताला लागू नये म्हणून तो बारा फुटांवर लावा असा आग्रह असतो. बारा फुटांवरून तीन मीटरवरच्या माणसाकडे पाहिले की टोपी, टक्कल आणि खांदे दिसतात. चेहरा हवा असेल तिथे कॅमेरा आठ-नऊ फुटांवर आणि माणूस समोरून चालत येईल असा हवा. तोडफोडीची भीती असेल तर आयके१० दर्जाचा, म्हणजे जोरदार आघात सोसणारा, घुमटाकार कॅमेरा घ्यावा. गल्ल्यावरचा कॅमेरा थेट डोक्यावर न लावता थोडा बाजूला लावावा, म्हणजे नोटा मोजणारे हात आणि समोरच्या ग्राहकाचा चेहरा एकाच चित्रात येतात.

पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात संध्याकाळी पाच वाजता आतून शटरकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यात आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होतो. अशा ठिकाणी १२० डेसिबल क्षमतेचा खरा डब्ल्यूडीआर (झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात स्पष्ट टिपण्याची सोय) असलेला कॅमेराच लागतो. नुसते "डिजिटल डब्ल्यूडीआर" असे लिहिलेले असेल तर ती केवळ सॉफ्टवेअरची रंगसफेदी असते. गाडीचा नंबर वाचायचा असेल तर त्यासाठी फाटकावर स्वतंत्र कॅमेरा धरावा, कारण हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट वाचण्यासाठी कॅमेऱ्याच्या शटरचा वेग वाढवावा लागतो आणि तसे केले की बाकीचे आवार अंधारात जाते. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही कामे टाकली की दोन्ही अर्धवट राहतात.

रात्री आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या) दिव्यांवर चालणारा कॅमेरा कृष्णधवल चित्र देतो. चोराचा शर्ट निळा होता की लाल हे त्यातून कळत नाही. रंग हवा असेल तर पांढरा दिवा लागतो. आयआर कॅमेरा पांढऱ्या भिंतीला किंवा पत्र्याच्या कडेला चिकटवून लावला की तो उजेड उलटून लेन्सवर येतो आणि चित्र धुक्यासारखे होते. पावसाळ्यानंतर तर लेन्ससमोर कोळ्याची जाळी हमखास लागतात. जाळ्याचा एक धागासुद्धा रात्री दोरखंडाएवढा चमकतो आणि हलला की मोबाइलवर इशारा वाजतो. मध्यरात्री आलेले असे फोन आम्ही उचलतो, पण त्यावर उपाय झाडू हाच आहे.

आता वायरिंग. ज्यांच्याकडे जुनी ३+१ केबल (चित्राची एक आणि वीज-आवाजाच्या तीन तारा एकत्र असलेली) टाकलेली आहे आणि ती शाबूत आहे, त्यांनी ती काढून टाकू नये. एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे आणि नवा डीव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) त्यावर चालतात. नव्या जागेत मात्र कॅट-६ केबल आणि पीओई स्विच घ्यावा, म्हणजे वीज आणि चित्र एकाच केबलमधून जाते. एका पल्ल्याची मर्यादा १०० मीटर आहे. केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहावी : शुद्ध तांबे आतूनही तांबूस राहते, तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम चांदीसारखे पांढरे निघते. अशा केबलवर लांबचा कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडला, आयआर दिवे लागले, विजेची मागणी वाढली की बंद पडतो. कारखाना आणि बाहेरची केबिन अशा दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर मध्ये फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकावा. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या केबलवरून दोन्ही टोकांची यंत्रे जळतात.

साठवणीचा हिशेब साधा आहे. २ एमबीपीएस वेगाने नोंद करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ जीबी आणि तीस दिवसांचे सव्वापाच टीबीच्या आसपास होतात. म्हणजे एच.२६५ या चित्रण आटोपशीर करून साठवण्याच्या पद्धतीवर ६ टीबीची हार्ड डिस्क हवी. ४ टीबीत तेवीस दिवसच बसतात. माल कमी भरल्याचे महिनाअखेरीच्या मोजणीत कळते आणि तोवर जुने चित्रण पुसले गेलेले असते, असे घडलेले आम्ही पाहिले आहे. डिस्क चोवीस तासांच्या नोंदीसाठी बनवलेलीच असावी. रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नये, कारण चोर तो सोबत नेतो. कुलूपबंद कपाटात, यूपीएसवर ठेवावा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) नोंदणीसोबत सायबर सुरक्षेच्या चाचण्याही सक्तीच्या आहेत. बिलावर मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा आणि तो नोंदणीशी ताडून पाहावा. २०१६ मध्ये 'मिराई' या व्हायरसने जगभरातले लाखभर कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डांच्या जोरावर ताब्यात घेतले होते. त्यामुळे काम संपल्यावर पासवर्ड आपण स्वतः, आमच्या माणसाच्या पाठीमागे, बदलावा. आम्हाला तो सांगण्याची गरज नाही.

न्यायालयात चित्रण चालेल का, हा प्रश्न अलीकडे वारंवार येतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे ताडण्याचा सांकेतिक आकडा) लिहावे लागते. घटना घडल्यास चित्रण मोबाइलने स्क्रीनवरून टिपून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. रेकॉर्डरचे घड्याळही तपासावे. आमच्या एका ग्राहकाकडे पंचनाम्याच्या वेळी सगळे चित्रण साडेपाच तास मागे निघाले, कारण बसवताना भारतीय वेळ लावायची राहून गेली होती. ते काम आमचेच होते. तेव्हापासून हस्तांतरणाच्या कागदावर वेळेचा रकाना छापलेला आहे.

कपडे बदलण्याची जागा आणि स्वच्छतागृह येथे आम्ही कॅमेरा लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल तर तो भाग झाकून देतो. कामगारांना दिसेल अशी मराठी पाटी दारावर लावावी. ती आम्ही विनामूल्य देतो.

जागा पाहण्यासाठी आम्ही दोनदा येतो, एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर. त्या वेळी नकाशाचा कागद, वीजमीटरची जागा आणि इंटरनेट कुठून येते हे माहीत असलेला माणूस हजर असावा. चाचणीचा कॅमेरा आम्ही सोबत आणतो. तो शिडीवर धरून आपल्याच एका कामगाराला फाटकातून आत चालत यायला सांगतो आणि त्याचा चेहरा ओळखू येतो की नाही हे आपण मोबाइलवर पाहून घ्यावे. दरपत्रक त्यानंतर चार दिवसांत मिळेल.