रक्ताच्या एका चाचणीत ऑटिझम कळतो?

‘मुलाचं रक्त किंवा केस तपासा, ऑटिझम लगेच कळेल’ हा मेसेज इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. 1961 साली काही ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, रक्तातही असतं) वाढलेलं आढळलं. रक्तात ऑटिझमची खूण सापडते का, हा शोध तेव्हापासून चालूच आहे. पण कित्येक ऑटिस्टिक मुलांत सेरोटोनिन नॉर्मल असतं, तर ऑटिझम नसलेल्या काहींत वाढलेलं. मग एका आकड्यावर ठरवायचं कसं?

निदान होतं मूल बघून, आईवडिलांना विचारून: हाकेला वळतं का, हवं ते बोटाने दाखवतं का, गाडी न चालवता नुसती चाकंच फिरवत बसतं का. डॉक्टर जनुकं तपासायला सांगतात ते कारण शोधायला. लॅबवाल्याला सरळ विचारा, ‘या रिपोर्टवर ऑटिझमचं निदान लिहून द्याल?’ केस तपासायच्या पॅकेजचे पैसे तर वाचवाच.