तीन गोळ्यांचा कोर्स आला कुठून?

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, पहाटेचा गारठा वाढला की सांगली भागात घरोघरी खोकला ऐकू येतो. मेडिकलमध्ये जाऊन ‘घसा धरलाय’ एवढं म्हटलं की अनेकदा अझिथ्रोमायसिन पाचशेच्या तीन गोळ्या हातात पडतात. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखी विषाणूमुळे होते. ही गोळी म्हणजे प्रतिजैविक (अँटिबायोटिक); ती जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे त्याच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालते. विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो.

तरीही ही सवय निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही. 1892 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी फ्लू जिवाणूमुळे होतो असं जाहीर केलं. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला तो थेट 1933 मध्ये. मधल्या 1918 च्या साथीत बहुतेक बळी गेले ते फ्लूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने. पुढे पेनिसिलिन आलं, 1955 पासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनू लागलं आणि न्यूमोनिया झालेली माणसं उठून घरी येऊ लागली. हे डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीने ‘छातीत उतरायला नको’ म्हणून सुई मागितली, तर तिला दोष कसा द्यायचा? मी तरी देणार नाही.

अझिथ्रोमायसिनचा शोध 1980 मध्ये झाग्रेबला (आजच्या क्रोएशियात) लागला. ते पेशींत बराच काळ टिकून राहतं, म्हणून तीन दिवस पुरतात. घोळ इथेच झाला. साधा विषाणूजन्य तापही तेवढ्याच दिवसांत ओसरतो. माणूस दुखणं अंगावर काढून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोळी घेतो, बरं वाटतं, आणि श्रेय गोळीला जातं. पुढच्या वेळी तो नावानिशी तीच मागतो.

मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबात कोरोनाचे रुग्ण सापडले, तेव्हा जिल्हा हादरला होता. त्या भीतीत हीच गोळी घरोघरी गेली. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या कोरोनावरील औषधांच्या चाचणीत 7,763 रुग्णांवरून दिसलं की तिने मृत्यू कमी होत नाहीत. 2016 पासून प्रतिजैविकांच्या पट्टीवरील लाल रेघेचा प्रचार सुरू आहे: चिठ्ठीशिवाय घेऊ नका. काउंटरवर ती रेघ बघतं कोण?

टायफॉइडचे जंतू आज कितीतरी जुन्या औषधांना दाद देत नाहीत. अशा टायफॉइडवर तोंडाने देता येणारी जी मोजकी औषधं अजून चालतात, त्यांत हे अझिथ्रोमायसिनच आहे.